स्पर्शाचे शास्त्र आणि स्पर्शाची भीती : हस्तोपचाराच्या इतिहासातून आपण काय शिकायचे?

आमच्या वस्तीतील एक ताई पहाटे उठून रस्ते झाडतात. दोन वर्षे त्यांची कंबर दुखत होती. आम्ही त्यांना एका रुग्णालयात घेऊन गेलो. डॉक्टरांनी टेबलापलीकडून दोन प्रश्न विचारले, गोळ्या लिहून दिल्या आणि कमरेला पट्टा बांधायला सांगितले. सगळे पाच मिनिटांत उरकले. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "भाऊ, हात लावून बघितलंच नाही की कुठं दुखतंय."

ताईंचे हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. वेळ नव्हता, गर्दी होती, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या देशात कोणी कोणाला शिवायचे हे जन्मावर ठरत आले, त्या देशात 'हात लावून बघणे' ही साधी गोष्ट नाही. हात लावून तपासण्याचे आणि हाताने उपचार करण्याचे एक रीतसर शास्त्र आहे. स्नायू, सांधे आणि मणक्यांच्या दुखण्यांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपीत त्याला 'मॅन्युअल थेरपी' म्हणजे हस्तोपचार म्हणतात. या शास्त्राचा इतिहास आपल्या तरुणांनी वाचला पाहिजे, कारण तो मूळ प्रश्नाशी येऊन भिडतो. हाताने काम करणाऱ्याला ज्ञानाचा मान कधी मिळतो, आणि कधी नाकारला जातो?

सुरुवात आपल्या घरापासून करू. तैत्तिरीय संहितेत देवांचे वैद्य असलेल्या अश्विनीकुमारांना अपवित्र ठरवले आहे. कारण काय, तर ते वैद्य म्हणून माणसांत फिरतात! म्हणून ब्राह्मणाने वैद्यकी करू नये, असेही तिथे सांगितले आहे. मनुस्मृतीने वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आणि त्याचे अन्न निषिद्ध ठरवले. ज्याचा हात रोग्याच्या रक्ताला, पुवाला, घामाला लागतो तो विटाळलेला, असा हा न्याय. म्हणजे दुखणे बरे करणारा माणूस समाजाला हवा होता, पण पंक्तीला नको होता.

याच्या उलट उदाहरण विनयपिटकात आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, त्या भिक्खूला दोघांनी मिळून धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा समजा. एका परंपरेत रोग्याचा स्पर्श विटाळ होता, दुसरीत तोच धम्म होता. दोन संस्कृतींमधला फरक समजायला याहून मोठा ग्रंथ वाचावा लागत नाही.

मग या देशात अंग चोळणे, लचक काढणे, सांधा बसवणे ही कामे कोणी केली? न्हाव्यांनी केली, सुईणींनी केली, तालमीतल्या पैलवानांनी केली, गावोगावच्या हाड बसवणाऱ्यांनी केली. पोथी एका जातीकडे आणि हात दुसऱ्या जातींकडे. याचे नुकसान दोन्ही बाजूंनी झाले. पोथीला शरीर कळले नाही, आणि हाताला लिहिता आले नाही. जे लिहिले गेले नाही ते तपासलेही गेले नाही. म्हणून उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा, अशा समजुतीही खऱ्या कौशल्याच्या शेजारीच टिकून राहिल्या. आमचे पूर्वज सगळे जाणत होते, असा खोटा गौरव आम्हाला करायचा नाही. त्यांना शिकण्याचा आणि चुका सुधारण्याचा अधिकार नाकारला गेला, हा आमचा मुद्दा आहे.

युरोपात जात नव्हती, पण हाताला कमी लेखण्याची खोड तिथेही होती. इंग्लंडमध्ये हाडे बसवणाऱ्यांची घराणी होती. अठराव्या शतकात सारा मॅप नावाची बाई या कामासाठी गाजली होती. पदवीधर डॉक्टर अशा लोकांना भोंदू म्हणत. तरीही 1867 मध्ये सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यचिकित्सकाने आपल्या व्यवसायबंधूंना बजावले की हाडे बसवणारे जे रुग्ण बरे करतात, त्यांच्याकडून शिका आणि त्यांच्या चुका टाळा. 1871 मध्ये व्हार्टन हूड या डॉक्टरने हटन नावाच्या हाडे बसवणाऱ्याकडून शिकलेली पद्धत 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली.

पण व्यवस्था इतक्या सहज बदलत नाही. हर्बर्ट बार्कर या पदवी नसलेल्या हाडे बसवणाऱ्याच्या रुग्णांना भूल दिली म्हणून डॉ. ॲक्सहॅम यांचे नाव 1911 मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकले गेले. अकरा वर्षांनी, 1922 मध्ये, बार्करला 'सर' ही पदवी मिळाली. ॲक्सहॅम यांचे नाव मात्र पुन्हा नोंदले गेले नाही. बाहेरच्याशी व्यवहार करणाऱ्यावर बहिष्कार टाकायचा, ही रीत आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

आता फिजिओथेरपीकडे येऊ. 1813 मध्ये स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने स्टॉकहोमला व्यायामशास्त्राची संस्था काढली. तिथे व्यायाम आणि मालिश यांना अभ्यासक्रमाची शिस्त मिळाली. पुढे 1894 मध्ये लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या वेश्याव्यवसायाची ओरड सुरू झाली आणि प्रामाणिकपणे मालिश करणाऱ्या परिचारिकांवरही संशय आला. तेव्हा चार स्त्रिया पुढे आल्या : लूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर. त्यांनी संघटना स्थापन केली. प्रशिक्षण ठरवले, परीक्षा ठरवली, नियम ठरवले. 1920 मध्ये त्या संघटनेला राजसनद मिळाली. आजची ब्रिटनची फिजिओथेरपी संघटना ती हीच.

मित्रांनो, इथे थोडे थांबून विचार करा. बदनाम झालेले हाताचे काम या स्त्रियांनी शिक्षण आणि संघटन यांच्या जोरावर प्रतिष्ठेला नेले. पण त्याची किंमतही मोजली. डॉक्टरने सांगितल्याशिवाय उपचार करायचा नाही, ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली. प्रतिष्ठा मिळाली ती दुय्यम स्थान पत्करून. त्या दुय्यमपणातून बाहेर यायला या व्यवसायाला अनेक दशके लागली.

अमेरिकेतील एक प्रसंग तर आपल्यासाठी आरसाच आहे. 1895 मध्ये डी. डी. पामर याने मणक्यावर दाब देऊन केलेल्या पहिल्या उपचारातून 'कायरोप्रॅक्टिक' पंथ सुरू झाला असे सांगतात. तो पहिला रुग्ण म्हणजे हार्वे लिलार्ड, इमारतीची साफसफाई करणारा कृष्णवर्णीय कामगार. त्याचे बहिरेपण गेले, हा पामरचा दावा वैज्ञानिक कसोटीवर टिकत नाही. पण त्याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या संस्थेचा जन्म कृष्णवर्णीय माणसाच्या पाठीवर झाला, त्याच पामरच्या महाविद्यालयाने पुढे कित्येक दशके कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला नाही. उपचाराच्या प्रयोगाला पाठ चालली, वर्गात माणूस चालला नाही.

विसाव्या शतकात हस्तोपचाराला पक्का पाया मिळाला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरियॅक्स यांनी दुखणाऱ्या भागाची पद्धतशीर तपासणी बसवली आणि ती फिजिओथेरपिस्टना शिकवली. नॉर्वेच्या फ्रेडी काल्टेनबॉर्न यांनी सांध्यांच्या हालचालींचा अभ्यास मांडला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या जेफ्री मेटलँड यांनी हाताच्या दाबाच्या श्रेणी ठरवल्या. किती जोर, किती खोल, आणि प्रत्येक वेळी रुग्णाला काय जाणवले याची नोंद. तिथे 1965 मध्ये तीन महिन्यांचा प्रगत वर्ग सुरू झाला आणि 1974 मध्ये वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. त्याच 1974 साली माँट्रियलमध्ये हस्तोपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. प्रगत प्रशिक्षणाचे मानक तो ठरवतो. त्यात पुस्तकी अभ्यास आहे, हाताचा सराव आहे, आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली रुग्णांवर करायचे कामही आहे. म्हणजे पोथी आणि हात इथे एकाच माणसात आणले जातात. जातीने नेमके हेच तोडले होते.

पण आम्ही आंबेडकरवादी आहोत, म्हणून या शास्त्रालाही प्रश्न विचारणार. 'मणका सरकला होता, मी बसवला' असे कोणी म्हणत असेल तर सावध व्हा. हाताने सरकलेले हाड जागेवर बसते, हे जुने स्पष्टीकरण आज मागे पडले आहे. स्पर्शाने आणि हालचालीने मज्जासंस्थेचा प्रतिसाद बदलतो, वेदना काही काळ कमी होते, आणि त्या काळात माणसाला हलते-चालते करता येते, असे आज मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णाचे शिक्षण, व्यायाम आणि काही हस्तोपचार यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ओढणे आणि अल्ट्रासाऊंडचा शेक नियमितपणे वापरू नये, असेही त्यात म्हटले आहे. आमच्या ताईंना काय दिले होते? पट्टा! मान कडाकड मोडणाऱ्या 'चमत्कारी' हातांच्या चित्रफितीही आपली मुले पाहतात. बुवाबाजी भगव्या कपड्यातच असते असे नाही, ती पांढऱ्या कोटातही असते. मानेला चुकीचा झटका दिल्यास जिवावर बेतू शकते. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरता आली, तर चोळत न बसता ताबडतोब मोठे रुग्णालय गाठायचे असते. प्रगत प्रशिक्षण म्हणजे हात कुठे लावायचा हे शिकणे, आणि कुठे लावायचा नाही हेही शिकणे.

आता महाराष्ट्रात येऊ. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर, परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. परळ! याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले. याच गिरणगावात अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. बाबासाहेबांनी हा प्रश्न 1928 च्या संपात ठामपणे मांडला. जिथे धाग्यालाही स्पर्शाचा विटाळ होता, त्याच परिसरात स्पर्शाने बरे करण्याचे शास्त्र शिकवले जाऊ लागले. पण ते शास्त्र कोणापर्यंत पोहोचले?

आज खेळाडूंकडे स्वतंत्र फिजिओ असतो, सधन वस्तीत पाटी लावलेली क्लिनिके असतात. आणि ज्यांची कंबर, मान, गुडघे रोजच्या कामात झिजतात ते हमाल, सफाई कामगार, ऊसतोड करणाऱ्या बाया, वीटभट्टीवरचे मजूर? त्यांच्यासाठी दुकानातली वेदनाशामक गोळी. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाला मजुरीचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे संरक्षण दिले, ही मोठी लढाई होती. त्याच्या मणक्याची लढाई अजून बाकी आहे.

2021 मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला आणि फिजिओथेरपीला राष्ट्रीय पातळीवर नियमनाची चौकट मिळाली. म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींत सांगतो. एक, आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात यावे, पदवीवर न थांबता पदव्युत्तर प्रशिक्षण घ्यावे. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांची माहिती विहाराविहारांत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. दोन, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट असावा, ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. तीन, जे शिकले त्यांनी महिन्यातला एक दिवस वस्तीला द्यावा.

त्या ताईंचे पुढे काय झाले? फिजिओथेरपी शिकलेली वस्तीतलीच एक मुलगी विहारात आली. तिने ताईंना वाकायला लावले, चालायला लावले, पाठीवर हात ठेवून शांतपणे तपासले. चार व्यायाम शिकवले आणि झाडूचा दांडा लांब करून घ्यायला सांगितले. दुखणे पूर्ण गेले नाही, पण ताई आता पट्ट्याशिवाय कामावर जातात. आणि विहारातल्या बायांना तेच चार व्यायाम स्वतः शिकवतात.

जय भीम!