संगणकाची ढिली मूठ

मुलचेऱ्याकडील धानाच्या मुलखांत धान ढोलींत भरून ठेवावयाचें आणि लागेल तेवढाच तांदूळ भरडून आणावयाचा, ही रीत समजण्यासारखी आहे. तांदूळ संपला तर पुन्हां भरडतां येतो. बियाणें संपलें तर संपलें. हाच विवेक संगणकाच्या स्मृतींत कसा आला, तें श्रोत्यांनीं ऐकण्यासारखें आहे.

मोठ्या परंतु मंद स्मृतीपुढें एक लहान, चपळ स्मृति ठेवावी, ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं मांडली. १९६८ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें जाहीर केलेल्या ३६० मालिकेंतील ८५ क्रमांकाच्या यंत्रांत ती उतरली आणि तिला ‘कॅश’ हें नांव मिळालें. शब्द फ्रेंच, अर्थ लपविण्याची जागा. रोकडीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

पुढें हीच युक्ति आज्ञावली लिहिणारांनीं उचलली. नेटस्केप कंपनींत १९९७ सालीं नॉरिस बॉइड यांनीं ‘ऱ्हायनो’चें काम सुरू केलें. जावास्क्रिप्टमधील लेख जावाच्या यंत्रणेंत चालवावयाचे, हा त्याचा हेतु; नांव मात्र एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील गेंड्यावरून पडलें! २००९ पासून असे लेख ‘मॉड्यूल’ नांवाच्या स्वतंत्र प्रकरणांत विभागण्याचा संकेत रूढ होऊं लागला. ऱ्हायनोनेंही तो स्वीकारला.

प्रत्येक मॉड्यूल वाचून त्याचें यंत्रास समजेल असें रूपांतर करण्यास वेळ लागतो. म्हणून तें रूपांतर जपून ठेवावयाचें. त्यासाठीं ऱ्हायनोंत दोन प्रकारचे संग्राहक आहेत. घट्ट मुठीचा संग्राहक हातीं आलेलें सोडीत नाहीं. मॉड्यूलें थोडीं असतील तर तो उत्तम. परंतु महिनोन्‌महिने अखंड चालणाऱ्या कामांत नवीं नवीं मॉड्यूलें येत राहिलीं, तर स्मृति भरून सारेंच काम कोसळतें.

दुसरा ढिल्या मुठीचा. त्याचा आधार १९९८ च्या जावा १.२ मधील ‘सॉफ्ट रेफरन्स’. स्मृतीची झाडलोट आपोआप व्हावी, ही योजना जॉन मॅकार्थी यांची. तिचें वर्णन १९६० सालीं प्रसिद्ध झालें. जावानें तींत सवलतीची पायरी घातली: अन्यत्र वापरांत नसलेली व अशा सैल धाग्यानें धरलेली वस्तु टंचाई पडतांच टाकावी, आणि स्मृति संपल्याचें जाहीर करण्यापूर्वीं तर अशा साऱ्या वस्तु टाकल्याच पाहिजेत.

खरी मेख पुढेंच आहे. सैल धरलें जातें तें केवळ रूपांतर. कारण मूळ लेखावरून तें पुन्हां करतां येतें. चालू मॉड्यूलनें इतरांस दिलेल्या वस्तु तशा धरलेल्या नसतात. एखादें मॉड्यूल आलेल्या मागण्या मोजीत असेल आणि तेंच मध्यें टाकून पुन्हां चालविलें, तर मोजणी शून्यापासून सुरू होईल व एकाच घरांत दोन खातेवह्या होतील. तें बियाणें होय.

जावाच्या हॉटस्पॉट यंत्रणेंत मोकळ्या स्मृतीच्या दर मेगाबाइटमागें एक सेकंद, असा हिशेब मुळांत ठरलेला आहे. शंभर मेगाबाइट मोकळे असतील तर सैल वस्तु न वापरतां सुमारें शंभर सेकंद राहते; दहाच असतील तर दहा सेकंदांनीं तिची पाळी येऊं शकते. म्हणजे पुन्हां रूपांतर करण्याचे श्रम नेमके गर्दीच्या घटकेस वाढतात, ही या योजनेची उणीव खरी.