तितुलुस : पाटीवरचा माणूस

पुस्तकाचं 'टायटल', जमिनीचं 'टायटल' हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द. त्यांचं मूळ शोधताना मी लॅटिनमधल्या 'तितुलुस'पाशी पोहोचलो. अनेकवचन 'तितुली'. अर्थ अगदी साधा : मजकूर लिहिलेली पाटी किंवा चिठ्ठी.

रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती बनली आहे तेलाच्या फुटक्या रांजणांच्या खापरांची. १८७२पासून हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकानं त्यांवरची शाईची अक्षरं वाचली : रिकाम्या रांजणाचं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव. या 'रंगवलेल्या तितुली'.

पण मी अडखळलो तो दुसऱ्याच पाटीपाशी. बाजारावर देखरेख करणाऱ्या 'एदिल' या अधिकाऱ्यांचा एक हुकूम दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियसनं नोंदवून ठेवला आहे. विकायला आणलेल्या प्रत्येक गुलामाचा तितुलुस विक्रेत्यानं नीट कळेल असा लिहावा. त्याला कोणता रोग किंवा व्यंग आहे, तो पळपुटा किंवा भटक्या आहे का, त्याच्या अपराधाची भरपाई बाकी आहे का, हे त्यात यावं. ही पाटी गुलामाच्या गळ्यात अडकवीत. दोष लपवल्याचं उघड झालं, तर गिऱ्हाइकाला ६ महिन्यांच्या आत माणूस परत करण्यासाठी दावा लावता येई.

ग्राहकाच्या हिताचा कायदा म्हणून याचं कौतुक होतं, आणि त्या अर्थानं ते रास्तही आहे. पण ती यादी पुन्हा वाचावी. सुटकेची धडपड तिथं आजारपणाच्या पंगतीला बसली आहे! आणि पाटी ज्याच्या गळ्यात, त्याला तिच्यातलं एक अक्षरही बदलता येत नव्हतं.

योहानाच्या शुभवर्तमानात क्रूसावरच्या पाटीसाठी मूळ ग्रीक मजकुरात 'तितलोस' असा लॅटिनमधून उसना घेतलेला शब्द आहे. राज्यकर्त्यांचा शब्द, राज्यकर्त्यांचीच पाटी. पुरोहितांनी मजकूर बदलायला सांगितलं, पिलातानं नाही म्हटलं.

सेनापतींच्या विजययात्रेत जिंकलेल्या शहरांची नावं मिरवणारे फलकही तितुलीच. पुतळ्याखालचा गौरवलेखही तितुलुस. तिथून हा शब्द मान, पदवी आणि पुढं हक्क या अर्थांना चढला. याच शब्दाचं एक धाकटं पोर म्हणजे पोर्तुगीजमधल्या अनुनासिक स्वरावरची नागमोडी रेघ, 'तिल'. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज दप्तरांत ती पानोपानी भेटते.