गोखले कुठल्या कॉलेजचे?

गोपाळ कृष्ण गोखले कुठल्या कॉलेजचे? नववीच्या वर्गात हा प्रश्न मी दरवर्षी टाकायचे. एखादा हुशार मुलगा लगेच "फर्ग्युसन" म्हणायचा. अरे, तिथे ते शिकवत होते! शिकले कुठे? मग वर्गात शांतता.

१८८४ साली ते बी.ए. झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून. म्हणून एल्फिन्स्टनवाले त्यांना आपलं म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण त्याआधी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, आणि सुरुवात केली ती आमच्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. थोरले बंधू गोविंदराव स्वतःचं शिक्षण सोडून महिना पंधरा रुपयांवर नोकरी करत आणि त्यातले आठ रुपये धाकट्याला पाठवत. राजाराम कॉलेज १८८० चं, म्हणजे तेव्हा अगदी कोवळं. बी.ए.पर्यंतची सोय तिथे नव्हती, म्हणून गोखल्यांना बाहेर पडावं लागलं. सोय असती तर? त्या आठ रुपयांत ते कोल्हापुरातच राहिले असते असं मला तरी वाटतं.

आता यातली गंमत बघा. १८५७ चं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेलं. सुरुवातीला ते शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. शिकवायचं कॉलेजांनी. प्रश्नपत्रिका मात्र एकच, मग तुम्ही काळ्या घोड्याजवळ राहा नाहीतर पंचगंगेच्या काठी. बरं, एल्फिन्स्टन आणि डेक्कन दोन्ही सरकारी, त्यामुळे प्राध्यापकही इकडून तिकडे जात. कवी वर्डस्वर्थचे नातू (त्यांचंही नाव विल्यम वर्डस्वर्थच) आधी डेक्कनला होते, नंतर एल्फिन्स्टनचे प्राचार्य झाले. रा. गो. भांडारकर उलट दिशेने गेले. एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत शिकवून १८८२ मध्ये डेक्कनला आले. परीक्षा तीच, पगार देणारं सरकार तेच, माणसंही बरीचशी तीच. मग एका कॉलेजचं नाव मोठं आणि दुसऱ्याचं लहान, हे ठरलं कशावर?

मला वाटतं, आत कोण येऊ शकत होतं यावर. एल्फिन्स्टनला दादाभाई नौरोजी प्राध्यापक होते, रानडे, भांडारकर, फिरोजशहा मेहता विद्यार्थी होते. मोठी यादी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. पण मुंबईत राहून कॉलेज करायचं तर पाठीशी काहीतरी हवं. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये तिथून बी.ए. झाले, ते सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली म्हणून. ती नसती तर एल्फिन्स्टनच्या यादीतलं सर्वांत मोठं नाव यादीत आलं असतं का?

आणि मोठ्या कॉलेजचं नाव तरी प्रत्येकाच्या कामी येतं का? कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजच्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, १८८७ साली वर्गात पहिल्या. विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क होता, पण बाई म्हणून ती नाकारली गेली. मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेही पुरुष विद्यार्थ्यांना! आणि १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्याच.

डेक्कनची स्वतःची गोष्टही विलक्षण आहे. टिळक-आगरकरांचं हे कॉलेज सरकारने १९३४ मध्ये चक्क बंद केलं. प्रतिष्ठा काही उपयोगी पडली नाही. उपयोगी पडले ते माजी विद्यार्थी आणि जमशेटजी जीजीभॉय यांची जुनी देणगी. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९३९ मध्ये दारं पुन्हा उघडली, पण संशोधन संस्था म्हणून. इरावती कर्वे, सांकलिया, कत्रे अशी माणसं आली आणि नव्या कामाने नवं नाव झालं. आज डेक्कन म्हटलं की उत्खनन आणि संस्कृतचा महाकोश आठवतो.

आता राजाराम. (माझं कॉलेज! थोडा पक्षपात चालवून घ्या.) मुंबई-पुण्याच्या मानाने त्याचं नाव कायम एक पायरी खाली. पण शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, आणि ज्यांच्या घरात पाटी कधी आली नव्हती अशी मुलं शिकू लागली. पुढे या कॉलेजात ना. सी. फडके आणि माधव जूलियन शिकवायला होते, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं की ते जरा चमकतात. यशवंतराव चव्हाण १९३८ चे बी.ए., राजारामचेच. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९६२ मध्ये, शिवाजी विद्यापीठ निघालं आणि राजाराम त्याच्याकडे आलं.

मी १९७१ ची पदवीधर, मराठी माध्यमाची. कोल्हापुरात मावशीचं घर होतं म्हणून शिकले. वडिलांनी पुण्याला पाठवलंच नसतं, आणि पाठवायला पैसेही नव्हते. १९७४ मध्ये मुंबईतल्या एका शाळेत मुलाखतीला गेले. समोरच्या गृहस्थांनी प्रमाणपत्र पाहिलं. "कोल्हापूर? आणि तेही मराठीतून?" माणूस सभ्य होता, चहा दिला. नोकरी दिली नाही. मी काय शिकवते, कसं शिकवते, याबद्दल एकही प्रश्न नव्हता. इतक्या वर्षांनी राग उरलेला नाही, पण तो "तेही" अजून कानात आहे.

असो. एल्फिन्स्टन आता मुंबई विद्यापीठात नाही बरं का. २०१९ मध्ये सिडनहॅम, विज्ञान संस्था वगैरे सरकारी संस्थांसह त्याचं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. नागपूरच्या १८८५ च्या मॉरिस कॉलेजचं नाव बदलून वसंतराव नाईक यांचं दिलं, तरी तिथला चौक लोकांच्या तोंडी मॉरिस कॉलेजचाच आहे.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे धाकट्या बहिणीची नात. बारावी झाली आणि फोन आला, "आजी, कुठल्या कॉलेजचं नाव चांगलं आहे?" मी तिला उलट चार प्रश्न दिले. प्राध्यापकांच्या किती जागा भरलेल्या आहेत? (सरकारी कॉलेजांत हे आधी विचारावं.) तासिका तत्त्वावरचे किती? ग्रंथालय संध्याकाळी कितीपर्यंत उघडं? मुलींच्या वसतिगृहात जागा मिळेल का? पोरगी चिकाटीची आहे. तीन कॉलेजांत स्वतः जाऊन विचारून आली, वहीत तक्ता केला आणि फोटो पाठवला. वसतिगृहाचा रकाना तेवढा रिकामा आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे.