घराचं बाहेरचं प्लास्टर: परांची उतरण्याआधी मोबाईल घेऊन काय काय तपासायचं?

घर बांधायला काढलं की घरातले सगळे टाइल्स आणि रंगाच्या शेड बघत बसतात. बाहेरचं प्लास्टर, म्हणजे आपला गिलावा, मात्र मिस्त्रीच्या भरवशावर सोडतात. पण पावसाळ्यात भिंत आतून ओली होणार की नाही, हे रंगापेक्षा या जेमतेम २० मिलिमीटरच्या थरावर जास्त ठरतं. मी सॉफ्टवेअरवाला, गवंडी नाही. गावाकडच्या आमच्या घराचं काम चालू असताना मिस्त्रीकाकांना प्रश्न विचारून विचारून आणि आयएस १६६१ हे भारतीय मानक चाळून जे समजलं, ते इथे देतोय.

थर कसे असतात?

बाहेरून साधारणपणे दोन हातांत काम होतं. पहिला हात १२ ते १५ मिमी, एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू. तो ओला असतानाच त्यावर ओरखडे मारतात, म्हणजे दुसरा हात धरून राहतो. दुसरा ६ ते ८ मिमीचा, आणि शेवटी स्पंजने घासून खरखरीत ठेवलेला. "गुळगुळीत का नाही केलं?" असं पाहुणे विचारतातच! जास्त घोटलं की सिमेंटची मलई वर येते, ती सुकताना आकसते आणि केसासारख्या भेगा पडतात. "सिमेंट वाढवा, मजबूत होईल" हा सल्लाही याच कारणासाठी चुकीचा आहे.

सगळ्यात आधी जाळीचा फोटो

भेग बहुतेक वेळा कुठे पडते? जिथे काँक्रीटचा कॉलम किंवा बीम संपतो आणि वीट सुरू होते, तिथे. ऊन-पावसात दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात. म्हणून त्या सांध्यावर कोंबडी जाळी ठोकतात, दोन्ही बाजूंना साधारण १५० मिमी जाईल एवढी. प्लास्टर चढल्यावर जाळी आहे की नाही हे कोणालाच दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक सांध्याचा फोटो आधीच काढा, तारीख-वेळ फोटोत सेव्ह होतेच. माझ्या मते पूर्ण कामातला सर्वात महत्त्वाचा फोटो हाच.

वाळूसाठी ॲपची गरज नाही, काचेची बरणी पुरे. अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर मातीचा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त वाटला तर वाळू धुऊन घ्यायला सांगा.

कालवलेला माल अर्ध्या तासात संपायला हवा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतताना दिसलं, तर तिथेच थांबवा. आणि किमान सात दिवस पाणी मारायचं, उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा. रोज सकाळ-संध्याकाळ अलार्म लावा, घरातल्या कोणाला तरी भिंतीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा.

टॉर्च, नाणं आणि लेव्हल

संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणारी भिंत अशा उजेडात लाटांसारखी दिसते, चढ-उतार लगेच कळतात. मग नाण्याने टकटक करत चला. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, बद्द आवाज आला तर प्लास्टर विटेपासून सुटलंय, तेवढा भाग काढूनच पुन्हा करावा लागतो. मोबाईलमधलं लेव्हल ॲप मात्र भरवशाचं नाही, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन भिंतीला नीट टेकत नाही. तिथे मिस्त्रीचा ओळंबाच भारी.

हे सगळं परांची असतानाच करा. वरच्या मजल्यावरचा पोकळ भाग नंतर कळला तर फक्त परांची पुन्हा बांधायचाच खर्च जीवावर येतो. शेवटचा हप्ताही या तपासणीनंतरच द्या, आणि तसं काम सुरू व्हायच्या आधी ठरवून ठेवा.

रंगाची घाई नको. ताजं प्लास्टर क्षारयुक्त आणि ओलं असतं, त्यावर लगेच रंग मारला की तो फुगतो, पापुद्रे सुटतात. साधारण महिनाभर थांबा. त्या काळात खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेजवळ, पाण्याची खाच ठेवलीय का ते बघून घ्या. ती नसेल तर पावसाचं पाणी छज्जाखालून सरकत थेट भिंतीवर येतं.