माहूरची वाट आणि जयकृष्णी पंथाची मराठी

माहूर म्हटलें कीं सामान्य मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें रेणुकेचें ठाणें, दत्तशिखर व अनसूयेचें शिखर हीं तीन स्थळें उभीं राहतात. महानुभाव यात्रेकरूचें माहूर मात्र निराळें आहे. त्याची ओढ देवदेवेश्वराकडे असते. श्रीदत्तात्रेयप्रभूंचें हें निद्रास्थान, असें तो मानतो. या यात्रेकरूंत पंजाबांतून येणारीं कुटुंबेंही असतात. घरीं तीं पंजाबी बोलतात. पण त्यांच्या धर्माचें मूळ वचन तेराव्या शतकांतील मराठींत आहे. तिकडे या पंथास जयकृष्णी म्हणतात. हें कसें घडलें, व घडतांना पंथाच्या आचारांत काय टिकलें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

महानुभावांची गुरुपरंपरा मुळांतच प्रवासाची आहे. पंचकृष्णांपैकीं श्रीचक्रपाणि हे फलटणचे. ते यात्रेकरूंच्या संगतीनें माहुरास आले असतां श्रीदत्तात्रेयांनीं व्याघ्ररूपानें त्यांच्या मस्तकीं पंजा ठेवून त्यांस शक्ति दिली, अशी पंथीय श्रद्धा आहे. पुढें ते द्वारकेस गेले. ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंस त्यांच्याचपासून द्वारकेस शक्ति प्राप्त झाली. श्रीचक्रधर तर गुजराथेंतील भडोचचे, प्रधानाचे पुत्र; रामटेकच्या यात्रेस म्हणून ते निघाले आणि वाटेंत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपाशीं थांबले. या कथांतील अलौकिक भाग श्रद्धेचा. इतिहासाच्या अभ्यासकास त्यांतील गांवांचा क्रम मोलाचा आहे. फलटण, माहूर, द्वारका, भडोच, ऋद्धिपूर : एवढा प्रदेश एका परंपरेनें जोडला. ज्या पुरुषानें मराठीस धर्मवचनाची भाषा केलें, तो स्वतः गुर्जर देशांतून आलेला होता, हेंही विसरतां येत नाहीं.

आतां अडचण येते ती अशी. याच चक्रधरांनीं आपल्या शिष्यांस महाराष्ट्रांतच राहण्याची आज्ञा केली आहे. कानडी व तेलंगी देशांत जाऊं नये, कारण ते देश विषयबहुल असून तेथें तपस्व्यांस मान मिळतो, असा तिचा आशय आहे. संन्याशानें मान टाळावा, म्हणून मान मिळण्याचे देशही टाळावे, हें तर्कशास्त्र मोठें मार्मिक आहे. मग ज्या पंथाच्या आचार्यानें देशाची मर्यादा घालून दिली, त्याचे मठ पंजाबांत आणि पलीकडे काबुलापर्यंत गेले कसे ?

आमचें अनुमान असें आहे. निषेध नांव घेऊन केला आहे तो दक्षिणेचा. उत्तरेसंबंधीं तसा उच्चार नाहीं. उलट स्वतः चक्रधर उत्तरापंथें निघून गेले, अशी पंथाची निष्ठा आहे. जो देश स्वामींच्या गमनानें पुनीत झाला, तिकडे वळलेल्या साधूस आपण आज्ञाभंग करीत आहों असें फारसें वाटलें नसावें. तरीही महाराष्ट्रीं वसण्याची आज्ञा शिल्लक राहतेच, व ती सोडविण्यास अनुमान पुरत नाहीं. ती आचारानेंच सोडविली गेली. दूर गेलेल्यांनीं महाराष्ट्र टाकला नाहीं. त्याचा कांहीं भाग बरोबर नेला, आणि उरलेल्याकडे यात्रेनें परत येत राहिले.

बरोबर नेलेल्यांत पहिली वस्तु म्हणजे पाषाण. महानुभावांच्या पूजेंत ईश्वरावतारांच्या संबंधानें पवित्र झालेल्या वस्तूंस मोठें स्थान आहे. स्वामी जेथें बसले, निजले, जेवले, तेथील स्थानावर ओटा बांधतात. स्थानपोथी हा ग्रंथच अशा जागांची नोंद करण्यासाठीं झाला. त्या स्थानांच्या संबंधी पाषाणांचे ‘विशेष’ घरोघरीं पूजेंत असतात. मंदिर उचलून नेतां येत नाहीं, पण दगडाचा तुकडा झोळींत मावतो.

दुसरी वस्तु भाषा. म्हाइंभटांनीं इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें केशिराजासारखा विद्वान् शिष्य संस्कृतांत लिहूं लागला, तेव्हां आचार्य नागदेवांनीं त्यास अडविलें. अशानें माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील, असें त्यांचें म्हणणें स्मृतिस्थळांत आलें आहे. हाच न्याय पंजाबांत लावला तर तेथें सूत्रपाठ पंजाबींत व्हावयास हवा होता. पंजाबी म्हातारीस यादवकालीन मराठी ही, आमच्या म्हातारीस संस्कृत होतें तितकीच परकी. आमच्या मतें येथें नागदेवांच्या हेतूस बाध आला, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. परंतु पंथीयांची बाजूही समजून घेण्याजोगी आहे. सूत्रें हीं चक्रधरांच्या मुखींचीं वचनें. तीं बदलणें म्हणजे संबंधी पाषाणाऐवजीं गांवांतला कोणताही धोंडा पूजेंत ठेवण्यासारखें. म्हणून वचन मराठीच राहिलें व निरूपणाचें काम त्या त्या देशच्या भाषेकडे आलें. चौदाव्या शतकापासून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या चालत आल्या, त्यांनींही हें वचन बंदिस्त ठेवलें. राजवाड्यांनीं ती लिपि उलगडीपर्यंत खुद्द महाराष्ट्रांतील पंडितांसही हे ग्रंथ परकेच होते, तेव्हां पंजाबला बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

रेणुकेच्या उपासनेशीं ताडून पाहिलें असतां हा भेद अधिक ठसतो. गोंधळ्यांत रेणुराई व कदमराई असे दोन भेद आहेत. पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजापूरच्या भवानीचे. कुळ कोठेंही जाऊन वसो, शुभकार्यानंतर गोंधळ घालावयाचा आणि गांवोगांवच्या देवतांस नांवानिशीं हांक मारून अंगणांत बोलवावयाचें. कुलदेवता रक्तसंबंधानें चालते. परक्यास ती सहसा मिळत नाहीं. उलट महानुभावांचा संबंध उपदेशानें जडतो. म्हणूनच ज्याच्या कुळांत कोणीं गोदावरी पाहिली नाहीं, असा पंजाबी व्यापारीही माहूरला आपलें म्हणूं शकला. दासोपंत (१५५१–१६१५) नारायणपेठेकडून किंवा विष्णुदास (१८४४–१९१७) साताऱ्याकडून माहुरास आले, तेही उपासनेच्या ओढीनें. पण त्यांस येथें भाषा बदलावी लागली नाहीं.

गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या तेलंगाचा चक्रधरांनीं निषेध केला, त्याच्या कडेवरच माहूर आहे. पैनगंगेच्या अलीकडचा हा किनवट तालुका हैदराबाद संस्थानांत आदिलाबाद जिल्ह्यांत मोडे, तो १९५६ सालीं नांदेडास जोडला गेला. पंथाच्या हिशेबीं मात्र माहूर महाराष्ट्रांतून कधींच बाहेर गेलें नव्हतें.

१९४७ च्या फाळणींत पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांत येथील हिंदु निघाले, त्यांत जयकृष्णीही होते. अशा वेळीं पोथ्या मागें राहतात. ज्या मठांत व घरांत त्या उरल्या असतील, तेथील ग्रंथांच्या शेवटच्या पानांवर लेखकाचें नांव, गांव व शक दिलेला असतो. त्या ओळी उतरून प्रसिद्ध झाल्या, तर हा पंथ कोणत्या मार्गानें व कोणत्या काळीं उत्तरेस गेला, यासंबंधींचीं आमचीं वरील अनुमानें तपासून पाहतां येतील. पंजाबी व मराठी दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकानें हें काम हातीं घ्यावें.