चंद्रकोर आणि इतिहासाची तारीख

पेशवाईतील पत्रांवर ‘छ ५ रमजान’ अशा धर्तीच्या मित्या आढळतात. ‘छ’ हा चंद्रदिनाचा निर्देश होय. हा महिना लागतो कसा? शाबानच्या २९ व्या दिवशी सूर्यास्तानंतर पश्चिमेस कोर पाहतात. विश्वसनीय माणसाने ती पाहिली की रमजान लागला. पहाटेपासून पहिला रोजा. कोर न दिसली, तर शाबानचे ३० दिवस पुरे करतात. आपल्या टेंभुर्णीत दिसलेली कोर दुसऱ्या गावी ढगांआड राहू शकते. जंत्री मात्र गणिताने चालते. केवळ तिच्यावर विसंबून आपण जुन्या पत्राची इंग्रजी तारीख काढली, तर एका दिवसाचा फरक संभवतो. आणि तेवढ्याने पत्र आधीचे की लढाई आधीची, हा क्रमच उलटतो. म्हणून पत्रात वार दिला असेल, तर तो आधी ताडून पाहावा.