नोडवाल्यांचं कूळ

मनोगत, उपक्रम, मिसळपाव, ऐसी अक्षरे, मायबोली. यांपैकी कुठल्याही संस्थळावरचा एखादा जुना धागा उघडा आणि वर पत्त्याच्या पट्टीकडे बघा. संस्थळाच्या नावापुढे ‘नोड’, त्यापुढे एक आकडा. एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभ्या न राहणाऱ्या या मंडळींचं आडनाव मात्र एकच! किन्हीराजा गावातल्या काही पोरांना गावाचा चर्चामंच काढायचा होता. सर्व्हरमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा नमुन्याला काही दुवे द्या, म्हणाली. दुवे गोळा करताना हे आडनाव माझ्या नजरेत भरलं आणि पोरांचं काम राहिलं बाजूला.

आडनाव ड्रूपलचं. ही संस्थळं चालवायला फुकट मिळणारी प्रणाली आहे. लेख असो की कविता की भांडण, प्रत्येक मजकुराला ती नोड म्हणते आणि नंबर देते. तिचा जन्म बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या वसतिगृहातला. साल २०००. कायमची इंटरनेट जोडणी तेव्हा विद्यार्थ्यांना सहज मिळत नसे. हान्स स्नायडरकडे एडीएसएल मोडेम होता. त्यानं आणि ड्रीस बाउटार्टनं वसतिगृहांच्या दरम्यान बिनतारी दुवा उभारला आणि ती एक जोडणी आठ जणांत वाटून घेतली. आता निरोप ठेवायला जागा हवी, म्हणून ड्रीसनं एक छोटंसं पान लिहिलं. त्यावर काय असे? नेटवर्क चालू आहे की बंद, आणि आज जेवायला कुठे जमायचं.

शिक्षण संपलं, मित्र पांगायला लागले, तेव्हा हे पान इंटरनेटवर न्यायचं ठरलं. नाव काढलं ‘डॉर्प’. डच भाषेत डॉर्प म्हणजे खेडं. ते नाव शिल्लक आहे का, हे बघताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि टंकलं गेलं ‘ड्रॉप’. ड्रीसला तेच बरं वाटलं. जानेवारी २००१ मध्ये पानामागची प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली, तेव्हा थेंबाला असलेल्या डच शब्दावरून ती झाली ड्रूपल. किन्हीराजाच्या पोरांना जे हवं होतं, त्याचं पाळण्यातलं नाव गावच होतं. एका बोटाच्या चुकीनं ते पुसलं गेलं.

आता वादाचा मुद्दा. आपल्याकडे अशा मंचाला चावडी, कट्टा, पार म्हणायची रीत आहे. ही वंशावळ मला साफ नामंजूर आहे. चावडीवर बसायला हजर असावं लागतं, आणि उठलं की बोलणं हवेत विरतं. मंचाची सगळी गंमत गैरहजर माणसासाठी आहे. त्याचं मूळ गप्पांत नाही, भिंतीवरच्या फळ्यात आहे. पुरावा १९७८ चा. जानेवारीत शिकागो बर्फाखाली गेलं असताना वॉर्ड ख्रिस्टेन्सेन आणि रँडी स्यूस या दोन हौशी संगणकवाल्यांनी संगणकावर एक फलक रचला आणि १६ फेब्रुवारीला तो चालू झाला. क्लबाच्या भिंतीवर टाचणीनं चिठ्ठ्या लावायचा जो बुचाचा फळा असतो, त्याचीच ती नक्कल. नावातसुद्धा ‘बुलेटिन बोर्ड’ आहे. यंत्र स्यूसच्या घरी, टेलिफोनच्या तारेला जोडलेलं. एका वेळी एकाचाच फोन लागायचा, दुसऱ्यानं थांबायचं. अशी कुठे चावडी असते का?

चावडीवाले इथे इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेकडे बोट दाखवतात. तिथे १९७३ मध्येच डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या पोरानं ‘नोट्स’ लिहिलं होतं आणि त्यावर लोक भरपूर गप्पा मारत. खरं आहे. पण नोट्स मुळात कशासाठी लिहिलं? यंत्रणेतले बिघाड नोंदवायला! एसटी स्टँडवर तक्रारवही असते, तशी ती वही. गप्पा मागून आल्या. भांडणं मात्र चावडीचीच, तेवढं मी त्यांना सोडून देतो.

मराठी मंचांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून १९९६ च्या गणेशचतुर्थीला मायबोली काढली. तिच्यावरचं जुनं ‘हितगुज’ वेगळ्याच प्रणालीवर चाले; नोडांच्या कुळात ती पुढे आली. २००४ च्या सुमारास मनोगत, मग बाकीचे.

हे सगळे ड्रूपलकडेच का वळले? साधं उत्तर असं, की एकानं घेतलं, त्याच्याकडून रुसून निघालेल्यांनी हाताला सवय होती तेच घेतलं. यात तथ्य आहे. पण पहिल्यानं का घेतलं? माझा कौल देवनागरीला. मंचासाठी तेव्हा जगभर गाजत होतं पीएचपीबीबी, पण युनिकोडवर ते पुरतं आलं डिसेंबर २००७ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. ड्रूपलला ही अडचण नव्हती. तोवर मराठी माणसानं वाट बघायची की काय? दुसरं म्हणजे पीएचपी आणि मायएसक्यूएल देणारी कुठलीही स्वस्त भाड्याची जागा ड्रूपलला पुरे. यंत्राची देखभाल जागामालकाकडे. आपण फायली चढवायच्या, विदागाराचं नाव आणि पासवर्ड भरायचा. सर्व्हर न शिकलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं?

पोरांना मी अँटवर्पचाच क्रम सांगितला. नाव विकत घेणं, भाड्याची जागा, जगभरचे जाहिरातबाज बॉट आणि त्यांना हाकलायला रोज कोण बसणार, हे सगळं नंतर. आधी कुणाच्या तरी घरातला जुना संगणक घ्या, त्यावर ड्रूपल बसवा आणि तो त्याच घरच्या वायफायला जोडा. वायफायच्या टप्प्यातले आठ जण पुरेत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागच्या महिन्याचा निरोप शोधताना जीव जातो, तो त्रास तरी वाचेल. त्यांना हे पटलंय. मंचाच्या नावावरून दोन तट आहेत, पण पहिली नोंद कसली, यावर वाद नाही: शेतातल्या पंपाला या आठवड्यात लाइन दिवसा आहे की रात्री.